पातळ भाजीची बखर

भाऊबीज आटोपते, बहिणी आपापल्या गावी जातात, फराळाचे डबे तळाला लागतात. आणि मग आमच्या घरी एक दिवस असा उजाडतो, की कोणालाच गोड नको असते आणि तळलेले तर नकोच नको. करंज्यांची थाळी समोर आली तरी मुले तोंड फिरवतात. पंचांगात या दिवसाला नाव नाही, पण आमच्या घरी तो न चुकता येतो. त्या दिवशी मोठ्या गंजात पालक आणि चुका रटरटतो, त्यात डाळ पडते, बेसन लागते, वरून लसणाची फोडणी चर्र करते, आणि चार दिवस तुपातेलात बुडालेली माणसे भाताबरोबर ती भाजी अशी ओरपतात, की जणू आजवर उपाशीच होती.

दोन वर्षांपूर्वी याच दिवशी माझी नात पुण्याहून आली होती. वाटी तोंडाला लावून ती म्हणाली, "आजोबा, हे तर आमच्या कँटीनमधलं ग्रीन सूप आहे! फक्त यात फोडणी घातली आहे तुम्ही."

मी हसलो, पण हसणे काही खरे नव्हते. सदतीस वर्षे शाळेत इतिहास शिकवलेल्या माणसाला 'आधी कोण?' हा प्रश्न ऐकला की चैन पडत नाही. शिवाय त्या भाजीशी माझा एक जुना हिशोब बाकी होता. तेव्हा वाचकहो, तोफा आणि तहनाम्यांच्या बखरी आपण पुष्कळ वाचल्या. यंदा दिवाळीच्या निमित्ताने एका गंजातल्या भाजीची बखर ऐका. तिच्यात लढाई नाही, मात्र पडझड आहे.

प्रथम शब्दाचा निकाल लावू. मराठीत सुपे तीन. पहिले सूप धान्य पाखडण्याचे; ते वाजले की कार्य संपते. दुसरे सूप संस्कृतातले. त्याचा अर्थ शिजवलेली डाळ, वरण, रसदार कालवण. स्वयंपाक्याला संस्कृतात सूपकार म्हणतात. अज्ञातवासात भीम बल्लव होऊन विराटाच्या पाकशाळेत शिरला, तेव्हा त्याने राजाला आपण उत्तम सूपे करतो असेच सांगितले होते. गदा फिरवणारा हात घोटणीवरही चालत असला पाहिजे, असे मला उगीचच वाटते. तिसरे सूप इंग्रजांचे. त्यांनी ते फ्रेंचांकडून घेतले, आणि फ्रेंचांत मुळी तो शब्द रश्शात भिजवलेल्या पावाच्या तुकड्याचा. संस्कृत सूप आणि हे सूप यांचे काही नाते नाही; दोन परक्या माणसांची आडनावे जुळावीत तसा हा प्रकार. १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांनी 'सूपशास्त्र' नावाचे पुस्तक काढले. मराठीतल्या अगदी पहिल्या छापील पाकपुस्तकांत त्याची गणना होते. आजच्या मुलाच्या हाती ते पडले, तर काचेच्या बाउलमधल्या पदार्थांचे पुस्तक समजून तो उघडील आणि फसेल. तिथे सूप म्हणजे सगळा स्वयंपाकच.

आता वस्तूकडे वळू. पाणी, पाला आणि डाळ एकत्र शिजवून घोटण्याची रीत नवी नाही. आयुर्वेदाच्या ग्रंथांत डाळींचे यूष आहेत, साधे वेगळे आणि मसाला-स्नेह घातलेले वेगळे. पालेभाजीविषयी मात्र हे जुने वैद्य जरा साशंकच दिसतात. चरकाने पाला उकडावा, त्याचा रस पिळून टाकावा आणि मग भरपूर स्नेह घालून खावा असे सांगितले आहे. आजचे आहारतज्ज्ञ हे ऐकून कपाळाला हात लावतील, कारण पिळून टाकलेल्या पाण्यात बरेच सत्त्व जाते. पण त्या सल्ल्यात अगदीच तथ्य नाही असेही नाही. पालक, चुका, अळू यांत ऑक्झॅलिक आम्ल असते. ते चुन्याला आणि लोहाला बांधून ठेवते आणि उकळून पाणी टाकले की त्यातले काही निघून जाते. सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्त या महाराष्ट्रीय पंडिताने 'भोजनकुतूहल' लिहिले. ग्रंथ संस्कृत, पण पदार्थांची नावे सांगताना पंडितजी मधूनच मराठीवर येतात. मला ते फार आवडते. स्वयंपाकघरात शिरल्यावर गीर्वाणवाणीलाही पदर खोचावा लागला.

पण आमच्या गंजातली भाजी जशीच्या तशी चरकाच्या काळची आहे, असे कोणी म्हणू लागले तर त्याला थांबवले पाहिजे. तिच्यातली निम्मी मंडळी परगावची आहेत. खरा पालक मूळचा इराणकडला. इ. स. ६४७ मध्ये नेपाळच्या राजाने तो चीनच्या तांग दरबाराला भेट पाठवला आणि चिनी लोकांनी त्याला इराणी भाजी म्हटले, अशी नोंद आहे. त्यात आणखी एक गंमत अशी, की आपल्या बाजारात गुळगुळीत, जाड पानांचा जो देशी पालक मिळतो, तो पुष्कळदा या इराणी पालकाच्या घरातला नसतोच. तो बीटचा सख्खा भाऊ. शेतकीच्या पुस्तकांत विलायती पालक आणि देशी पालक ही दोन वेगळी झाडे आहेत. म्हणून इंग्रजी पुस्तकातली कृती नागपूरच्या बुधवार बाजारातल्या जुडीवर चालवली की कधी कधी बिनसते; देशी पान शिजायला थोडा अधिक वेळ घेते. लाल मिरची आली अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या गलबतांवर. भाजीत आम्ही मूठभर शेंगदाणे टाकतो, तो भुईमूगही दक्षिण अमेरिकेचाच. म्हणजे पेशव्यांच्या आधीच्या कोणा गृहिणीने ही भाजी केली असेल, तर ती मिरचीवाचून, मिऱ्यावर केली असेल, शेंगदाण्यावाचून केली असेल. आंबटपणा मात्र चुक्याचा किंवा चिंचेचा असेल आणि घट्टपणा हरभऱ्याचा असेल. भाजीचा कणा तो.

नागपुरात इंग्रजी सूप कोणत्या वाटेने आले, हे सांगणे सोपे आहे. १८५३ साली तिसरे रघूजी भोसले वारले आणि पुढच्या वर्षी डलहौसीने राज्य खालसा केले. १८६१ साली मध्य प्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी झाली. सिव्हिल लाइन्समध्ये बंगले उठले. १८६७ साली मुंबईहून आगगाडी आली. बंगल्यातला खानसामा आणि स्टेशनावरची खाणावळ, ही सुपाची दोन ठाणी. साहेबांचे सगळ्यात लाडके मुलिगटॉनी नावाचे सूप तर तमिळ मिळगु-तण्णीर, म्हणजे मिरेपाणी! आपल्याकडचे सारच टोपी घालून टेबलावर बसले होते. पण महालातल्या वाड्यांना त्याचा पत्ता नव्हता. माझ्या लहानपणी आमच्या ओळखीच्या एकाही घरात सूप हा शब्द ताटातल्या वस्तूसाठी वापरलेला मी ऐकला नाही. होती ती पातळ भाजी. पुण्याकडचे पाहुणे आले की चाकवताच्या ताकातल्या भाजीची आणि अळूच्या फदफद्याची थोरवी सांगत. आमच्याकडे अळूला धोपा म्हणतात हे कळले की ते हसत, आणि आम्ही त्यांच्या 'फदफदे' या शब्दाला हसत असू. फिटंफाट होई.

आमच्या घरी ही भाजी आत्या करी. तिच्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. ती वडिलांची थोरली बहीण, जन्म १९०५ च्या सुमाराचा. नवव्या वर्षी लग्न झाले, तेराव्या वर्षी कपाळ पुसले गेले, आणि ती माहेरी आली ती कायमची. वडील मोतीबागेच्या रेल्वे कारखान्यात कामाला होते. छोट्या रुळांच्या इंजिनांचा तो कारखाना. आता तिथे २००२ पासून संग्रहालय आहे आणि मी नातवंडांना दाखवायला जातो. १९५० च्या सुमारास आम्ही महाल सोडून कारखान्याच्या बाजूला राहायला गेलो, तेव्हा आत्याने बरोबर तीन वस्तू हातात धरून आणल्या : बाळकृष्ण, पितळी गंज आणि लाकडी घोटणी. बाकीचे सामान बैलगाडीवरून आले.

तिची रीत मी शेकडो वेळा पाहिली, आणि एकदाही लक्ष देऊन पाहिली नाही. सकाळी हरभऱ्याची डाळ भिजे. पालकाच्या दोन भाग पानांना एक भाग चुका. पाने चार पाण्यांतून काढायची, कारण नाल्याकाठच्या मळ्यातली माती पानाच्या पाठीला चिकटून असते. डाळ आधी बोटचेपी होऊ द्यायची, मग पाला. पाला पडल्यावर झाकण नाही. "झाकण ठेवलं की भाजी रुसते," असे ती म्हणे. पुढे शाळेतल्या रसायनाच्या शिक्षकांनी मला त्याचे कारण सांगितले. पानातल्या हिरव्या द्रव्यात मॅग्नेशियम असते. आंबटपणा आणि उष्णता यांनी ते सुटते आणि हिरवा रंग शेवाळी, मळकट होतो. झाकण उघडे असले तर निदान वाफेबरोबर उडणारी आम्ले निघून जातात. खाण्याचा सोडा टाकला तर रंग झगझगीत राहतो, पण जीवनसत्त्वे नासतात आणि पाल्याचा लगदा होतो. आत्याला सोड्याचा तिटकारा होता. ती त्याला 'धोब्याचं काम' म्हणे.

गंज पितळी असल्यामुळे कल्हईचे महत्त्व फार. कल्हई उडालेल्या भांड्यात चुक्याची भाजी केली की ती कळकते. रंग हिरवाचार, पण चव अशी की जीभ आत ओढली जाते, आणि पोटात गेली तर ओकाऱ्या. आंबटाने तांबे उतरते, हे आत्याला कोणी पुस्तकातून शिकवले नव्हते. दर दोन-तीन महिन्यांनी कल्हईवाला गल्लीत भाता मांडी. नवसागराचा पांढरा धूर उठे, तापलेल्या गंजात कथलाची कांडी फिरे, कापसाच्या बोळ्याचा एक फेरा होई आणि काळवंडलेले भांडे आतून चांदीचे होई. आम्ही पोरे खोकत खोकत शेवटपर्यंत उभे असू. स्टेनलेसची भांडी आली आणि ही कला गल्लीतून गेली. भाजीच्या दृष्टीने ते बरेच झाले, हे मला कबूल केले पाहिजे.

मग घोटणे. गंज दोन पावलांत धरायचा, घोटणी दोन तळव्यांत फिरवायची, आणि पाला, डाळ, पाणी हे तिघे आपापले नाव विसरेपर्यंत थांबायचे नाही. त्यात गार पाण्यात कालवलेले बेसन. भाजीची सगळी मख्खी या बेसनात आहे. बेसन नसेल तर ताटात पाणी एकीकडे पळते आणि पाला दुसरीकडे बसतो. भाजी चोथापाणी होते. बेसनातले पीठ उकळीत फुगते आणि पाणी धरून ठेवते. मात्र ते चांगले पाच-सात मिनिटे शिजले पाहिजे, नाहीतर कच्चट लागते. शेवटी हिंग, मोहरी, लाल मिरची, आणि आम्हा इतरांसाठी लसूण. आत्यासाठी लसणाआधीच वाटीभर बाजूला निघे.

निदान आम्हाला तसे वाटे. तिच्या वाटीत खरोखर काय असे, ते मला पुष्कळ पुढे कळले.

नव्या जागेपासून जरीपटका जवळच. फाळणीनंतर सिंधमधून आलेली शेकडो कुटुंबे तिथे वसली होती. आमच्या भिंतीला लागून असेच एक घर होते. त्या घरातल्या म्हाताऱ्या बाईंना सगळे अम्मा म्हणत. आत्याला सिंधी येत नव्हते, अम्मांना मराठी येत नव्हते, आणि दोघींचे हिंदी असे होते की ऐकणाऱ्याला तिसरीच भाषा वाटावी. पहिले वर्षभर आत्या त्यांच्याशी बेताबातानेच बोलली. सोवळे होते, शिवाय ते लोक निर्वासित, कोण कुठले, ही भीतीही होती. आज लिहिताना ते लपवण्यात अर्थ नाही.

एक दिवस आत्याच्या घोटणीचा दांडा मोडला. भाजी शिजलेली, बेसन कालवलेले आणि घोटायला काही नाही. अम्मांनी भिंतीवरून पाहिले आणि न बोलता आपली घोटणी पुढे केली. आत्याने ती घेतली. लाकूड धुतले की शुद्ध, असा तिने तत्काळ निवाडा केला. परत द्यायला ती गेली आणि बऱ्याच वेळाने आली ती आश्चर्य करीत. "अरे, त्या बाईच्या चुलीवर आपलीच भाजी शिजून राहिली आहे! पालक तोच, चुका तोच, हरभऱ्याची डाळ तीच. वर शेपू अन् कांदा-टमाटे घालते बाप्पा!"

ती साई भाजी. सिंधीत साई म्हणजे हिरवी. सिंधच्या घराघरात होणारा हा पदार्थ. पालक, चुका, शेपू आणि डाळ शिजवून घोटायची आणि भाताबरोबर खायची. सिंधू नदीच्या काठावरच्या आणि नाग नदीच्या काठावरच्या दोन बायकांनी एकच युक्ती कशी काढली, हा प्रश्न मी पुढे स्वतःला पुष्कळदा विचारला. मला वाटते, उत्तर सोपे आहे. हरभरा जिथे पिकतो आणि माणसाला कोरडा भात किंवा भाकर ओली करायची असते, तिथे पाला आणि डाळ एकमेकांना शोधून काढतात. त्याला कोणी कोणाकडून शिकावे लागत नाही.

काही महिन्यांनी अम्मांनी कांदा-लसूण वगळून एक वाटी साई भाजी पाठवली. आत्याने ती देवापुढे ठेवली नाही, पण खाल्ली. आमच्या घरातली ही केवढी क्रांती होती ते त्या वेळी मला समजले नाही. मी वर्गात फ्रेंच राज्यक्रांतीच्या सनावळ्या पाठ करीत होतो.

पालेभाजीला आपल्याकडे मान कमी, आणि त्याचे एक कारण दुष्काळ आहे. मध्य प्रांतात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ लागोपाठ पडले. दुसऱ्याला जुनी माणसे संवताच्या आकड्यावरून छपन्नाचा दुष्काळ म्हणत. माणसांनी मोहाची फुले, रानातली मुळे आणि मिळेल तो पाला शिजवून दिवस काढले. आत्याची आई, म्हणजे माझी आजी, त्यातून वाचलेली. पहिल्या पावसाबरोबर रस्त्याच्या कडेला तरोटा उगवतो. रात्री पाने मिटतो, सकाळी उघडतो. आज विदर्भात त्याची कोवळी भाजी लोक हौसेने खातात, बाजारात शोधून आणतात. आजी मात्र तरोट्याकडे पाहत नसे. एकदा आईने तो चिरायला घेतला, तर आजी उठून अंगणात जाऊन बसली. कोणी काही बोलले नाही. तरोटा आमच्या घरात पुन्हा आला नाही, आजी गेल्यानंतरही.

याच्या उलट, सणाने काही पाल्यांना मोठेपणा दिला. भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात तेव्हा सोळा भाज्या, आंबील आणि अंबाडीची भाजी नैवेद्याला हवीच. एरवी गरिबाच्या भाकरीवरची अंबाडी, पण त्या दिवशी ती पुरणपोळीच्या शेजारी बसते. आणि लग्नाच्या पंगतीतली डाळभाजी कोण विसरेल? तूरडाळ आणि पालक मोठ्या गंजात एकजीव केलेले, बादलीतून ओगराळ्याने वाढलेले. नागपूरकडचा माणूस लग्नाहून परतला की जिलबीआधी डाळभाजी कशी होती ते सांगतो. ती बिघडली तर वधूपक्षाची अब्रू जाते.

पालकाच्या लोहाविषयीही दोन शब्द. पालकात फार लोह आहे असा समज एका जर्मन शास्त्रज्ञाच्या दशांश चिन्हाच्या चुकीने पसरला, ही गोष्ट मी वर्गात वर्षानुवर्षे रंगवून सांगत आलो. निवृत्तीनंतर वाचनात आले, की ही चुकीची गोष्टच चुकीची आहे. शोधणाऱ्यांना त्या घसरलेल्या चिन्हाचा पुरावा कुठे मिळालाच नाही. पालकात लोह आहे, पण ते अंगी लागते थोडेच. माझ्या किती विद्यार्थ्यांनी ती गोष्ट पुढे आपल्या मुलांना सांगितली असेल, देव जाणे. त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर त्याने दुरुस्ती करून घ्यावी.

आता तो बाकी हिशोब. १९७८ च्या पावसाळ्यात आत्या आजारी पडली. दात केव्हाच गेले होते, आता गिळणेही अवघड झाले. डॉक्टर म्हणाले, "घट्ट काही देऊ नका, सूप द्या, पालकाचं द्या." आई त्या आधीच गेली होती, पत्नी बाळंतपणासाठी माहेरी. मी घरात नुकताच मिक्सर आणला होता. एका इंग्रजी साप्ताहिकातली कृती काढली. लोणी, मैदा, दूध, पालक. कल्पना अशी, की आत्याने जन्मभर आपल्याला करून घातले, आता आपण तिला काहीतरी उंची करून घालू. उकळता पालक तसाच मिक्सरच्या भांड्यात ओतला, झाकण लावले आणि बटण दाबले. गरम वाफेला जायला जागा नव्हती. झाकण छताकडे उडाले आणि भिंतीवर, फडताळावर, माझ्या सदऱ्यावर हिरवा सडा पडला. हात भाजला तो वेगळाच. (मिक्सरात घालायचे तर आधी पूर्ण गार होऊ द्यावे आणि भांडे अर्धेच भरावे, हे अनुभवाचे बोल समजा.)

उरलेले गाळून वाटीत नेले. आत्याने एक चमचा घेतला, जिभेवर घोळवला आणि विचारले, "ह्यात बेसन काऊन नाही घातलं रे?"

"आत्या, हे सूप आहे. पचायला हलकं म्हणून."

"सूप ते धान्य पाखडायचं," ती म्हणाली आणि डोळे मिटले. वाटी तशीच राहिली.

मग संध्याकाळी मी तिची घोटणी काढली. ती खाटेवरून सांगत होती आणि मी करीत होतो. डाळ किती, पाला केव्हा, बेसन कसे. पाने निवडून देठ मी कचऱ्याच्या टोपलीत टाकले तशी ती एकदम म्हणाली, "ते नको टाकू, ते माझे आहेत."

मला अर्थ कळेना. मग हळूहळू कळले. देठ घोटले जात नाहीत, त्यांचे धागे राहतात, म्हणून आमच्या भाजीत ती देठ कधी घालीत नसे. वडिलांचे दात हलत होते, मी आणि भावंडे लहान होतो. आम्हा सगळ्यांना मऊ, एकजीव भाजी. आणि देठ चिरून, मीठ-तिखट लावून, तव्यावर परतून ती आपल्या भाकरीबरोबर खाई. बाजूला काढलेली बिनलसणाची वाटी आमच्या डोळ्यांदेखत निघे, पण ती दुपारी शाळेतून येणाऱ्या धाकट्याच्या ताटात जाई. पंचवीस-तीस वर्षे ती आमच्यानंतर स्वयंपाकघरात पाठमोरी बसून जेवली, आणि ती काय जेवते हे पाहायला आमच्यापैकी कोणी आत गेले नाही. मी तर इतिहासाचा पदवीधर. पुराव्याशिवाय विधान करू नये असे मुलांना शिकवणारा.

मी घोटायला बसलो. दहा मिनिटांत खांदे भरून आले, तळव्यांना फोड यायच्या बेतात. पाला अजून तसाच. "होऊन राहिलं का?" ती मधूनमधून विचारी. "होऊन राहिलं," मी म्हणे. पाऊण तासाने भाजी एकजीव झाली. हिंगाची बारीक फोडणी दिली, मिरची घातली नाही, चमच्याने भरवली. तिने अर्धी वाटी घेतली. म्हणाली, "बेसन थोडं कच्चं आहे." पुढचे अठरा दिवस मी रोज करीत होतो. बेसन कच्चे राहिल्याची तक्रार शेवटच्या आठवड्यात थांबली. ते शिजायला लागले होते की तिला सांगायचा कंटाळा आला होता, ते मला नक्की सांगता येणार नाही.

नातीला हे सगळे मी सांगितले नाही. फराळाच्या दिवसांत अशा गोष्टी सांगू नयेत. तिला एवढेच म्हटले, की याला तू सूप म्हण हवे तर, पण कृती लिहून घे. तिने फोनवर टिपून घेतले : एक जुडी पालक, अर्धी जुडी चुका, मूठभर भिजवलेली हरभऱ्याची डाळ, दोन चमचे बेसन गार पाण्यात गुठळी न होता कालवलेले, किंचित गूळ. प्यायचेच असेल तर शेंगदाणे घालू नयेत, पाणी दोन वाट्या जास्त घालावे आणि गार झाल्यावर मिक्सर फिरवून पुन्हा उकळी आणावी. कुकरात डाळ शिजवली तर चालेल, पाला मात्र उघड्यावर.

"आणि देठं, आजोबा?" तिने विचारले. "मिक्सरमध्ये तर देठंही बारीक होतात."

खरेच होतात. मी पाहिले आहे. जून देठ सोडले तर बाकीचे सगळे त्यात एकजीव होते. धागा राहत नाही.

"घाल," मी म्हटले.